बागेचा पैसा आणि पोळपाटाचा परवाना

शहराचा इतिहास म्हटला की राजे, गव्हर्नर, किल्ले आणि पुतळे डोळ्यांसमोर येतात. मुंबईच्या इतिहासाची पुस्तकेही बहुधा याच वाटेने जातात. परंतु आपण बायका ज्या शहरात राहतो ते थोडे निराळे असते. नळाला पाणी किती वाजता येते, मुलांना खेळायला जागा कुठे आहे, वाळवण कुठे घालायचे, घरी कुटलेला मसाला विकला तर कोणाची हरकत येईल, हे आपले शहर. त्यालाही इतिहास आहे. तो महानगरपालिकेच्या ठरावांत, अंदाजपत्रकांत आणि नियमांच्या पुस्तकांत लिहिलेला आहे.

मी काही लेखिका नव्हे. लालबाग-परळ भागात संसार करणारी, सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी आहे. घरचे काम उरकून पापड, मसाले आणि दिवाळीचा फराळ करून देते. आपल्या मंडळातील कितीतरी भगिनी असेच काही ना काही करतात. म्हणून या स्मरणिकेसाठी मी दोनच गोष्टींचा इतिहास निवडला आहे. पहिली, शहराने बागा आणि मैदानांवर पैसा कसा खर्च केला. आणि दुसरी, घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला शहराने कोणत्या अटींवर परवानगी दिली. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. परंतु तो आहे, आणि आपल्या भागात तर फारच जवळचा आहे.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण त्याचा सांगाडा तोच राहिला. आयुक्तांनी जमाखर्चाचा अंदाज तयार करायचा, तो स्थायी समितीने तपासायचा आणि सभागृहाने मंजूर करायचा. या कायद्यात महापालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. काही कामे बंधनकारक: गटारे, पाणी, झाडलोट, रस्ते, दिवे, देवी टोचणे, प्राथमिक शाळा. काही कामे ऐच्छिक, म्हणजे सभागृहाला वाटले आणि पैसा असला तर करायची. सार्वजनिक बागा आणि क्रीडांगणे या दुसऱ्या भागात आहेत. आपल्या घरात नाही का, आधी रेशन, मग औषध, मग मुलांची फी, आणि उरलेच तर घरधनीणीचे लुगडे! बागेचे तसेच झाले. तिचा पैसा नेहमी उरल्यासुरल्यातून आला.

आणि घरच्या धंद्याचे काय? त्याच कायद्यात ३९४ वे कलम आहे. ज्या वस्तू साठवल्याने किंवा जो धंदा चालवल्याने जीविताला, आरोग्याला अगर मालमत्तेला धोका पोहोचेल किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होईल, त्यासाठी आयुक्तांचा परवाना लागतो असे ते कलम सांगते. यात गैर काही नाही. दाटीवाटीच्या शहरात आगीला आणि रोगराईला आळा घातलाच पाहिजे. परंतु बाईच्या हातचे काम कायद्याच्या दृष्टीस पडले ते अशा रीतीने, धूर, वास आणि उपद्रव म्हणून. त्या कामावर घर चालते ही नोंद तिथे कोणी केली नाही.

आता बागांकडे वळू. आपण जिला प्रेमाने राणीची बाग म्हणतो ती १८६२ साली खुली झाली आणि १८७३ साली नगरपालिकेच्या ताब्यात आली. मलबार टेकडीवरची बाग १८८० च्या सुमारास पाण्याच्या टाक्यांवर माती पसरून केलेली आहे. पाणी ही गरजेची वस्तू असल्याने टाक्या बांधणे भागच होते. बाग त्यांच्या डोक्यावर उगवली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. तेव्हा कुठे सरकारच्या ध्यानात आले की घरात हवा आणि उजेड नसेल तर औषधाचाही उपयोग होत नाही. १८९८ साली शहर सुधारणा करणारा ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची रुंद रस्त्यांची वस्ती आणि तेथील पाच बागा या ट्रस्टच्या योजनेतून आल्या. १९३३ साली हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. म्हणजे पाहा, मोकळी जागा ही चैन नसून जगण्याची गरज आहे, हे शिकायला शहराला एवढी मोठी साथ यावी लागली.

दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी ते नाव बदलले, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो महापालिकेच्या सभासद श्रीमती अवंतिकाबाई गोखले यांनी. या बाईंविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने त्यांना घरीच लिहावाचायला शिकवले. पुढे त्या १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारणला गेल्या, १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि त्याच वर्षी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला. शाळेची पायरी न चढलेली बाई महापालिकेत बसते आणि तिच्या शब्दावर शहरातल्या एवढ्या मोठ्या मैदानाचे नाव ठरते! सातवी झालेल्या आपण सभागृहाचे नाव काढले की बिचकतो, हे कितपत बरोबर आहे?

दादरच्या मैदानाच्या अलीकडे आपले गिरणगाव. इथे बागा कमी आणि चिमण्या फार. दोन पाळ्यांत माणसे एकाच खोलीत आळीपाळीने झोपत. कोकण आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेवत कुठे? खाणावळीत. आणि खाणावळ म्हणजे कोणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीतली चूल. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर कित्येक वर्षे अशी खाणावळ चालवली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, पहिल्या पाळीचे डबे भरायचे, मग पंगत, मग दुपारची पाळी. पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे, तोवर वाण्याकडे उधारी. वाणी थांबला नाही तर सावकार, आणि सावकार तर दागिना ठेवून घेतल्याशिवाय हात सैल सोडत नसे. त्यांच्या हातावर कितीजणांचे पोट होते, पण कागदावर त्या ‘घरकाम’ करीत होत्या.

१९७५ साली श्रीमती प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्यांचे पहिले मोठे काम. बँकेच्या कागदावर नाव लागले म्हणजे काय होते ते ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल. चूल तीच, भाकरी तीच, पण आता त्या कामाला धंदा म्हणावे लागले. पुढे १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला तशा खाणावळीही थंडावल्या. संपाच्या इतिहासात कामगारांचे नुकसान लिहिलेले आढळते. पण ज्या चुलीवर तो कामगार जेवत होता त्या चुलीचे काय झाले हे फारसे कोणी लिहीत नाही. सासूबाईंनी त्या काळात उधारीची वही जपून ठेवली होती. तीतली पुष्कळशी नावे गावी गेली ती परत आलीच नाहीत.

दुसरी गोष्ट गिरगावची. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झाले. या संस्थेचे कौतुक आपण सगळ्याच ऐकतो. मला मात्र त्यातल्या एका बारीकशा गोष्टीचे मोल फार वाटते. पहिल्या पावसाळ्यात वाळवायला ऊन नसल्याने त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, अशी युक्ती केली. म्हणजे घरच्या धंद्याला नुसता परवाना पुरत नाही. त्याला गच्ची लागते, अंगण लागते, ऊन लागते. बाग आणि पोळपाट यांचा संबंध इथे येतो. दोघांनाही शहरातली मोकळी जागाच हवी असते.

हा संबंध कागदावर पाहायचा असेल तर १९९१ सालचे बृहन्मुंबईचे विकास नियंत्रण नियम पाहावेत. या एका पुस्तकात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, घरगुती व्यवसायाची व्याख्या. घरात राहणाऱ्या कुटुंबातील माणसाने, पगारी नोकर न ठेवता, बाहेर पाटी न लावता आणि शेजाऱ्यांना धोका न पोहोचवता केलेले काम राहत्या घरात चालेल असे ते नियम म्हणतात. जे घरात तयार होते तेच विकावे. शिवणकाम, भरतकाम, बटणे करणे ही उदाहरणे त्यात दिली आहेत. यंत्र वापरायचे तर विजेचा भार पाऊण किलोवॉटच्या वर जाऊ नये, म्हणजे साधारण एक अश्वशक्ती. एवढ्यात मिक्सर चालतो, शिलाई यंत्र चालते, आणि एक लहानशी घरघंटी कशीबशी बसते. मात्र लोकांसाठी खाण्यापिण्याची जागा घरात चालवणे या व्याख्येतून वगळले आहे. ज्या गिरणगावात खाणावळींनी तीन पिढ्या जेवू घातल्या, त्या शहराच्या पुस्तकात पंगतीला जागा नाही!

दुसरी गोष्ट त्याच पुस्तकातील ५८ वा नियम. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक बागा आणि मैदानांसाठी महापालिकेला, एक सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. तिचा तिसरा वाटा मोकळा राहिला असता तर लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या भागांत किती मैदाने झाली असती याचा विचार करावा. आणि त्यासाठी महापालिकेला जमीन विकत घ्यावी लागली नसती. ज्या बागेला कायद्याने ‘ऐच्छिक’ ठरवले होते, ती प्रथमच जमिनीच्या वाटणीत हक्काने आली होती.

परंतु २००१ साली राज्य सरकारने या नियमात दुरुस्ती केली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता, आधीपासून जी मोकळी पडलेली असेल तेवढ्याच जागेची करावी, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात इमारती आणि शेड दाटीने उभ्या असल्यामुळे मोकळी जागा थोडीच निघाली, आणि तिचा तिसरा हिस्सा त्याहून थोडा. काही पर्यावरणवादी मंडळी कोर्टात गेली. २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. कोर्टाचा निकाल झाला, तो मान्य केलाच पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नियमात काही शब्द इकडचे तिकडे झाले आणि आपल्या मुलांची मैदाने गेली. त्या शब्दांची चर्चा चालू होती तेव्हा आपण काय करीत होतो? आपण पापड लाटत होतो. आपल्याला कोणी विचारले नाही हे खरे, पण विचारायला आपणही कोणाकडे गेलो नाही.

आता तेथे उंच इमारती झाल्या आहेत. चाळींच्या जागीही इमारती होत आहेत. नव्या घरात संडास आहे, चोवीस तास पाणी आहे, लिफ्ट आहे. याचा मला आनंदच आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पहाटे संडासच्या रांगेत उभे राहून पाहावे. परंतु नव्या घरात गॅलरी नाही आणि गच्चीला कुलूप असते. मिरची भाजली की शेजारच्या बाई नाक मुरडतात आणि सोसायटीच्या सभेत तक्रार येते. त्यांचेही चुकते असे नाही. बंद खिडक्यांच्या घरात खाट सुटला की श्वास कोंडतो. १९९१ च्या पुस्तकातील परवानगी आजही हातात धरली, तरी ती वापरायला जागा कुठे उरली? म्हणून मी म्हणते की परवाना आणि मोकळी जागा यांचा विचार एकत्र व्हायला हवा होता. एकाच पुस्तकात दोन्ही होते, पण कोणी ती दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली नाहीत.

आहेत त्या बागांचा खर्च कोणी करायचा हाही प्रश्न आहेच. २०१६ च्या जानेवारीत मैदाने आणि बागा सांभाळण्यासाठी खाजगी संस्थांना देण्याचे धोरण महापालिकेच्या सभागृहाने मंजूर केले. त्यावर इतकी टीका झाली की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. लोकांची भीती अशी होती की सांभाळणाराच पुढे मालक होईल आणि फाटकाला कुलूप लावील. राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन पक्षी आले आणि १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये ठरले. प्राण्यांची निगा चांगली व्हावी हे कोणालाही पटेल. पण आमच्या घरी सासूबाई धरून पाच माणसे. तिकीट ठरवणाऱ्यांच्या कुटुंबात आजी नसते असे दिसते! उलट शिवाजी पार्कात आजही कोणी तिकीट मागत नाही. बागेचा पैसा सभागृहाने दिला तर बाग सर्वांची राहते. तो तिकिटातून काढायचा म्हटले की आधी कोण बाहेर राहील हे आपल्याला सांगायला नको.

मग सभागृहात आपली माणसे होती की नव्हती? १९५६ साली श्रीमती सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. १९९० साली महाराष्ट्र सरकारने स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या, पुढे घटनेनेच एक तृतीयांश दिल्या, आणि २०११ साली राज्याने त्या निम्म्या केल्या. २०१७ च्या निवडणुकीत मुंबईच्या २२७ जागांपैकी ११४ बायकांसाठी राखीव होत्या. २०२२ च्या मार्चमध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात अंदाजपत्रकावर चर्चा करायला नगरसेवक नव्हते आणि नगरसेविकाही नव्हत्या. खुर्ची मिळाली म्हणजे काम झाले असे नाही, हे यावरून कळते. बाहेरून विचारणारी माणसे नेहमीच लागतात.

विचारल्याने काय होते याचेही उदाहरण आहे. २०१५ साली शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. त्यावर ६५ हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नवा करायला सांगितला. त्या सुमारास स्त्रियांच्या संघटनांनी महापालिकेकडे सतत पाठपुरावा केला. २०१८ साली मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहे, पाळणाघरे आणि कौशल्य शिकवणारी आधार केंद्रे यांसाठी भूखंड राखून ठेवले गेले. शहराच्या नकाशावर बायकांच्या कामासाठी जागा म्हणून जागा दाखवली गेली, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र नकाशावर राखलेली जागा आणि उघडलेले केंद्र यांच्यामध्ये अंदाजपत्रक उभे असते. पैसा ठेवला तरच भिंती उभ्या राहतात. मागच्या आराखड्यांतली कितीतरी बागांची आरक्षणे पैशाअभावी कागदावरच राहिली, हे विसरू नये.

भगिनींनो, इतिहास वाचून नुसते हळहळायचे असेल तर तो वाचण्यात अर्थ नाही. आपल्या मंडळाने या वर्षी दोन कामे हाती घ्यावीत असे मला सुचवावेसे वाटते. घरी खाद्यपदार्थ करणाऱ्या प्रत्येक भगिनीची अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी झाली आहे की नाही ते पाहावे. २०११ च्या नियमांनी लहान उत्पादकांसाठी ही नोंदणी सोपी केली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. कागद जवळ असला की बोलायला धीर येतो. दुसरे, आपल्या भागात बागेसाठी, मैदानासाठी आणि आधार केंद्रासाठी कोणते भूखंड राखले आहेत त्यांची यादी करून ती मंडळाच्या फलकावर लावावी, आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी, हिवाळ्यातच, आपल्या नगरसेवकांकडे जाऊन त्यासाठी किती रक्कम मागितली ते विचारावे. आराखडा किंवा नियम बदलायचे ठरले की सूचना आणि हरकती पाठवण्याची मुदत असते. ती मुदत कधी संपते हे आपल्याला हळदीकुंकवाच्या तारखेइतके पाठ असायला हवे.

हे काम एकटीदुकटीचे नाही. एकटी बाई कचेरीत गेली तर तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात; वीस जणी गेल्या तर बसायला बाक मिळतो. मंडळाच्या वर्धापनदिनी आपण वर्षभराचा जमाखर्च मांडतो आणि एकेका रुपयाचा हिशेब विचारतो. तसाच शहराचा जमाखर्च मांडला जातो, आणि त्यात आपला मैदानाचा वाटा आणि आपल्या पोळपाटाची जागा किती, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो प्रश्न यंदा आपल्या मंडळाच्या शिक्क्यानिशी लेखी जावा, एवढीच माझी विनंती आहे.